शिजवणाऱ्याचा अर्धा हिस्सा

मी, यादव सखाराम रोकडे, वय अडुसष्ट, राहणार मैत्री सोसायटी, दुसरा मजला, निजामपुरा, भिवंडी, जिल्हा ठाणे, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, माझ्यामागे काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवल्यास ते खोटे समजावे.

धंदा: घरचा स्वयंपाक.

या एका ओळीवरून वकिलांच्या ऑफिसात बराच वेळ गेला, म्हणून त्याचा खुलासा करतो. मृणाली मॅडम वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत, पण कामाला चोख. त्यांनी विचारले, "काका, धंद्याच्या जागी काय टाकू? निवृत्त लिहू का?"

मी म्हटले, "निवृत्त कशातून?"

"लूममधून. तुम्ही जॉबर होता ना?"

"लूम बंद पडून पंचवीस वर्षं होऊन गेली, मॅडम. त्यानंतर मी रोज काम करतोय."

"मग काय लिहू? कॅटरिंग?"

"नाही. घरचा स्वयंपाक. माझ्या घरचा."

त्यांनी पेन खाली ठेवले, पुन्हा उचलले, आणि तसेच लिहिले. पुढचा मजकूर तुम्हीच घरी बसून हाताने लिहा, हाताने लिहिलेले मृत्युपत्रही चालते, फक्त दोन साक्षीदार पाहिजेत आणि त्या साक्षीदारांना त्यात काही मिळता कामा नये, असे त्यांनी सांगितले. त्याप्रमाणे हे लिहीत आहे. माझ्या हृदयाची ताकद कमी झाली आहे, डोक्याची नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शब्द त्यांचे थोडे वेगळे आहेत, अर्थ हाच.

कलम १. माझी माणसे.

पत्नी संघरत्ना, वय चौसष्ट, सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. मुलगा सुमित, मानकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर, त्याची पत्नी निशा, आणि त्यांची मुलगी. ही तिघे कल्याणला राहतात. मुलगी रिया, पुण्यात नोकरीला. थोरला भाऊ रामनाथ, विधुर, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतो. पत्नी आणि मुले यांच्याशिवाय माझ्या मिळकतीवर कोणाचा हक्क नाही. रामनाथचाही नाही, पण त्याच्यासाठी कलम ६ आहे.

कलम २. मिळकत माझ्याकडे कशी आली.

हे सांगणे जरूर आहे, कारण पुढे कोणी म्हणेल की यादवने आयुष्याच्या उत्तरार्धात काही कमावले नाही, मग त्याने वाटायचे काय?

मी जॉबर होतो. म्हणजे लूम बिघडला की तो चालू करून देणारा. आमच्या शेठने सगळे लूम भंगारात काढले तेव्हा सुमित चौथीत होता आणि रिया बालवाडीत. संघरत्नाला रुग्णालयात पाळ्या असत. तोवर स्वयंपाक माझी आई करायची, आणि ती त्याच वर्षी गेली. मी रोज दुसऱ्या कारखान्यांत काम विचारत फिरायचो आणि रोज परत यायचो. तेव्हा आम्ही याच मोहल्ल्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो.

एका सकाळी ती रात्रपाळीहून आली, कांदा चिरायला बसली, आणि विळीसमोर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. मान खाली, हातात अर्धा कांदा, आणि समोर विळीचे पाते. मी हळूच विळी ओढून घेतली. तिला उठवले नाही. मग पोरांना शाळेत पाठवायचे म्हणून वरण-भात मी टाकला. डाळ कच्ची राहिली. पोरांनी ती चावून खाल्ली. दुपारी ती उठली तेव्हा तिच्यापुढे ताट ठेवले. एक घास खाऊन म्हणाली, "गरम आहे."

एवढेच म्हणाली. चांगले झाले म्हणाली नाही, कारण ते झालेले नव्हते. पण ते 'गरम आहे' तिने असे म्हटले की दुसऱ्या दिवशी मी काम शोधायला गेलो नाही.

मला कोणी शिकवले, तेही लिहितो. राहीबाई मानकोलीहून भाजी आणि सुकी मासळी घेऊन निजामपुऱ्याच्या बाजारात बसायच्या. मी रोज पिशवी घेऊन येतो हे पाहून त्यांनी एकदा विचारले, "काय रं भावा, बायको न्हाय का तुला?"

"हाय. ड्युटीला हाय."

"न् शिजवतं कोन?"

"मी."

आजूबाजूच्या बायका हसल्या. राहीबाई हसल्या नाहीत. "चांगला हाय," म्हणाल्या. "भाकर येते का?"

"नाय येत. तुटते."

"उकड काडतंस का? पानी उकललं का त्यान पीठ टाकाचा, झाकन ठेवाचा, वाफ धरू द्याची. मंग हात वला करून मलाचा. न् घाबराचा न्हाय. तू घाबरलास का ती तुटते."

त्यांनी बाजारात बसल्या जागी, रिकाम्या टोपलीवर हाताने थापून दाखवले. दुसऱ्या आठवड्यात घरची जुनी काठवट आणून दिली. सुकट भाजून मग पाण्यात टाकायची, वांग्यात ती शेवटी घालायची, बोंबलाला चिंच नको कोकम हवे, हे सगळे मी त्यांच्याकडून उभ्या उभ्या शिकलो. त्या आता नाहीत. त्यांच्या शेताच्या जागी मोठे गोदाम आहे.

माझा स्वयंपाक साधा आहे. मसूरची आमटी, पिठले, पालेभाजी, तांदळाची भाकरी, रविवारी परवडेल तेव्हा मासळी किंवा मटण, बुद्ध पौर्णिमेला खीर. पोरांच्या वाढदिवसाला ती मागतील ते. सणाचा स्वयंपाक मला कधी अवघड गेला नाही, कारण सणाला माणसे तारीफ करायच्या तयारीनेच बसलेली असतात. मंगळवारी संध्याकाळी कोणी तारीफ करत नाही, आणि चव तर मंगळवारीही लागते.

आता घराविषयी. संघरत्नाने स्वतःच्या पगारावर कर्ज काढून हे घर घेतले. रजिस्ट्रीच्या दिवशी तिचा भाऊ राकेश बरोबर आला होता. कागदावर दोघांची नावे पाहून तो तिला बाजूला घेऊन म्हणाला (बाजूला म्हणजे मला ऐकू येईल इतकेच), "ताई, दाजींचं नाव कशाला? पगार तुझा, हप्ता तुझा."

संघरत्ना आवाज न चढवता बोलते. वॉर्डात तिला तशी सवय होती. ती म्हणाली, "राकेश, मी ड्युटीवरून येते तेव्हा माझं ताट झाकून ठेवलेलं असतं. दोन्ही पोरं न्हाऊन, खाऊन शाळेत गेलेली असतात. ते नसतं तर मी नोकरी कधीच सोडली असती. मग कर्ज कोणाच्या पगारावर काढलं असतं, सांग."

कारकुनाने विचारले, "हिस्सा किती किती?"

ती म्हणाली, "निम्मा निम्मा. शिजवणाऱ्याचा अर्धा."

आज जे काही वाटायला बसलो आहे ते त्या अर्ध्यामुळे.

कलम ३. घर.

वर लिहिलेल्या घरातील माझा निम्मा अविभक्त हिस्सा मी पत्नी संघरत्ना हिला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. हयातीपुरता नव्हे. तिने तो ठेवावा, विकावा, भाड्याने द्यावा, त्यात एकटीने राहावे किंवा कोणाला राहायला घ्यावे. तिला कोणी विचारू नये.

मृणाली मॅडमचा सल्ला होता की तिच्या हयातीपर्यंत तिला आणि नंतर मुलांना असे लिहावे, म्हणजे पुढे भांडण नको. सल्ला बरोबर असेल. पण तो मी का घेतला नाही याला कारण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय सुमितला हे कलम लागेल, म्हणून सांगतो.

गेल्या पावसाळ्यात मला दम लागायला लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितले की जिना कमी करा, मीठ कमी करा, ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहू नका. सुमित त्या रविवारी निशाला घेऊन आला. रियाही पुण्याहून आली. जेवण झाल्यावर सुमित म्हणाला, "बाबा, स्पष्ट बोलतो. तुम्हाला काही झालं तर आईला आमच्याकडे नेऊ. हे घर काढून टाकू."

रिया म्हणाली, "आईला विचारलंस?"

संघरत्ना म्हणाली, "मी कुठे जाणार नाही. माझ्या वॉर्डातल्या सगळ्या बायका इथे आहेत. दवाखाना इथे आहे. मी इथेच राहणार."

"आई, अगं तुला चहाशिवाय काही येत नाही," सुमित म्हणाला. "खाणार काय?"

तो वाईट हेतूने बोलला नाही हे मी शपथेवर सांगतो. पण ते वाक्य खोलीत तसेच राहिले. निशाने मान खाली घातली. संघरत्ना उठून गॅलरीत गेली. आणि मला पहिल्यांदा कळले की मी इतकी वर्षे तिला जेवू घातले त्याचा एक अर्थ असाही होतो की मी गेलो तर तिला तिचे घर सोडावे लागेल. मला वाटत होते मी तिला मोकळे केले. एका बाजूने बांधूनही ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी गेलो तर ती तिथे आधीच उभी. केस बांधलेले, बाह्या वर सरकवलेल्या, ड्युटीला निघायची तशी.

"ओव्हर द्या," म्हणाली.

पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला एकेका पेशंटची माहिती देते, त्याला त्या ओव्हर म्हणतात. मी म्हटले, "काय करतेस? बस तू. मी टाकतो चहा."

"चहा मला येतो. तुम्ही बसा त्या स्टुलावर. आणि एकेक सांगा. कुठे काय आहे, कोणाला काय लागतं."

"कोणाला म्हणजे?"

"डाळीला. भाताला."

मी सांगायला सुरुवात केली, आणि लगेच भांडण झाले. तिला माप पाहिजे. "चिमूटभर म्हणजे किती?" मी चिमूट दाखवली. "तुमची चिमूट की माझी?" तेल तापले कसे कळते, विचारले. मी म्हटले, मोहरीचा एक दाणा टाकून बघ. तिने टाकला, तो उडाला, आणि पस्तीस वर्षे लोकांना टाके घालणारी बाई दोन पावले मागे सरली. मी हसलो. हसायला नको होते. दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही, पण संध्याकाळी पुन्हा ओट्यापाशी आली.

तो सगळा महिना आम्ही लागलेला भात, करपलेला कांदा आणि कडेने फाटलेल्या भाकऱ्या खाल्ल्या. एकदा तिने उलथने सिंकमध्ये आपटले. "जन्मभर लोकांच्या नाजूक शिरा शोधल्या मी, आणि एक भाकरी गोल होईना!"

मी म्हटले, "गोल कशाला पाहिजे? शिजली आहे ना."

"तुमची होते गोल."

"माझी पहिली दोन वर्षं होत नव्हती. तू खात होतीस."

"मी झोपेत खात होते," ती म्हणाली, आणि मग दोघेही हसलो.

मला सगळ्यात जड गेले ते बसणे. तिचा गॅस मोठा राहिला की माझा हात आपोआप पुढे जायचा. ती एकदा वळली आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा." मी माझ्याच स्वयंपाकघरातून उठून बाहेर येऊन बसलो. पंख्याखाली बसून आतले आवाज ऐकत होतो. झाकण पडले. नळ चालू झाला, बंद झाला. फोडणीचा वास आला, त्यात लसूण जरा पुढे गेलेला. मला कोणी कामावरून काढल्यासारखे वाटले. लूम भंगारात गेले तेव्हाही इतके वाटले नव्हते.

मग ती ताट घेऊन आली. माझ्यापुढे ठेवले. पालकाची भाजी, भाकरी, आमटी, कांदा. आणि उभी राहिली.

ताट पुढे आल्यावर काय करतात हे मी विसरलो होतो. मी नेहमी सगळ्यांचे झाल्यावर, ओट्याला टेकून, पातेल्यातले जे उरेल ते खात आलो. माझ्यापुढे भरलेले ताट शेवटचे माझ्या आईने ठेवले होते. मी हात धुऊन आलो, पुन्हा बसलो, आणि पहिला घास तोंडात घातला तेव्हा डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, "तिखट झालं का?"

"नाही," म्हटले. "गरम आहे."

त्या दिवशी मी ठरवले की घर तिला पूर्ण द्यायचे. हयातीपुरते दिले तर ती स्वतःच्या घरात राखणीला ठेवल्यासारखी राहील, आणि मुले, कितीही चांगली असली तरी, तिच्याकडे पाहताना नकळत घराकडे पाहतील. तिला आता वरण, आमटी, दोन भाज्या, पिठले आणि भाकरी येते. ती उपाशी राहणार नाही. सुमितने तिला न्यायला यावे, चार दिवस न्यावे, आणि परत आणून सोडावे.

कलम ४. सुमित.

बँकेतील माझ्या नावावरची ठेव सुमित आणि रिया यांनी सारखी वाटून घ्यावी. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

माझा लोखंडी तवा आणि खलबत्ता सुमितला द्यावा. सुमित शाळेत असताना त्याच्या बाईंनी पालकसभेत त्याच्या डब्याचे कौतुक केले. "कोण करतं रे?" म्हणून विचारले. तो म्हणाला, "आई." मी दाराशी उभा होतो. त्याने मला पाहिले आणि नजर खाली केली. मी त्याला रागावलो नाही. पोरगा अशा वयाचा होता की बापाने लूम चालवलेला चालतो, लाटणे नाही. आणि हे त्याच्या डोक्यात कोणी घातले ते कलम ६ मध्ये येईल. पण घरी येताना आम्ही दोघे रस्त्याच्या दोन बाजूंनी चाललो, हे मी विसरलेलो नाही.

पुढे निशाला दिवस गेले आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचे नाही असे सांगितले. सुमित रोज गोदामातून सुटल्यावर मानकोलीहून उलटा इथे यायचा आणि डबा घेऊन कल्याणला जायचा. आत यायचा नाही. घाई आहे म्हणायचा. नंतर एकदा निशाचा फोन आला. "बाबा, एक विचारू? हे सांगतात की स्वयंपाक ते स्वतः मित्राच्या खोलीवर करतात आणि आणतात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"यांना कांदा सोलता येत नाही, हे मला लग्नाच्या आठवड्यात कळलंय," ती म्हणाली. "चव तुमची आहे. मी त्यांना काही बोलले नाही."

"बोलू नकोस," मी म्हटले. "जेव."

दोन आठवड्यांनी सुमित आला तेव्हा चपला काढून आत आला. ओट्यापाशी उभा राहिला. "बाबा, एक तरी पदार्थ शिकवा. नाहीतर पकडला जाईन."

मी त्याला पिठले शिकवले. पिठाच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून एका हाताने पीठ सोडायचे आणि दुसऱ्याने ढवळायचे, थांबायचे नाही. त्याने छान केले. माझ्याशी न बोलता माझ्याशेजारी उभा राहून त्याने ते केले, आणि जाताना म्हणाला, "बाईंना मी खोटं सांगितलं होतं, बाबा."

मी म्हटले, "डबा संपवायचास ना? मग झालं."

आता दर शनिवारी त्याच्या घरी पिठले तोच करतो. तवा त्याने घासून काळा ठेवावा. साबण लावू नये.

कलम ५. रिया.

रियाला स्वयंपाक आवडत नाही. तिने तो आवडून घ्यायची गरज नाही, आणि मी गेल्यावर कोणी तिला 'बापाचा हात तुझ्यात उतरायला हवा होता' असे म्हणू नये. ओट्याजवळचे लाकडी स्टूल तिला द्यावे. शाळेपासून कॉलेजपर्यंत ती त्यावर बसून धडे मोठ्याने वाचायची आणि मी चिरत, निवडत ऐकायचो. माझे शिक्षण सातवी होते. तिच्याबरोबर मी बारावीपर्यंत आलो. मृत्युपत्राची अंमलबजावणी रियाने करावी. ती वाचून सही करते.

कलम ६. माझा भाऊ रामनाथ.

वडिलांच्या पुण्यानुमोदनाला सगळ्या नातेवाइकांचे जेवण मी रांधले होते. पंगत बसली होती, मी आमटी वाढत होतो. तेव्हा रामनाथ मोठ्याने म्हणाला, "आमचा यादव आता बाई झालाय. पुढच्या वेळी त्याला साडी आणा कोणीतरी." पंगत हसली. सुमित तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभा होता. मी रामनाथच्या पानात आमटी वाढली आणि पुढे गेलो.

वहिनी गेल्यापासून रामनाथ दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतो. खाली मान घालून जेवतो. भाकरी संपली की ताट थोडे पुढे सरकवतो, म्हणजे अजून पाहिजे. बाकी दिवस वडापाव आणि चहावर काढतो हे मला ठाऊक आहे. ते बोललेले वाक्य त्याने कधी परत घेतले नाही. मीही कधी मागितले नाही.

माझा लहान कुकर रामनाथला द्यावा. डाळ खाली, तांदूळ वर, तीन शिट्ट्या. न जमल्यास त्याने संघरत्नाला विचारावे, ती आता सांगू शकते. मी त्याला माफी दिलेली नाही. कुकर दिला आहे.

कलम ७. काठवट.

राहीबाईंची काठवट त्यांचा मुलगा केसरीनाथ याला द्यायची होती. पण तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे मृणाली मॅडमनी बजावले आहे. म्हणून ती मी काल हातोहात दिली. तो म्हणाला, "काका, आमच्याकडं आता पीठ मळाला मशीन हाय." मी म्हटले, "मशीन तुझ्या आईच्या हाताची आहे का?" त्याने काठवट छातीशी धरली आणि घेऊन गेला.

कलम ८. मी गेल्यानंतर.

विधी बौद्ध पद्धतीने, साधा करावा. घरातला गॅस बंद ठेवू नये. शेजारच्या बायका डबे आणतील, ते घ्यावेत, पण सकाळचा चहा आपल्या ओट्यावरच व्हावा. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बाहेरचा आचारी बोलावू नये. भात, आमटी, वांगे-बटाटा आणि खीर, इतकेच. भात सुमितने टाकावा. पातेले मोठे असेल, म्हणून ढवळायला रामनाथने उभे राहावे. संघरत्नाला त्या दिवशी आधी वाढावे. ताजे वाढावे, आणि तिने ते बसून खावे. येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्यावरून काही बोलू नये.

कोणी मला सुचवले होते की तुमच्या पाककृती लिहून ठेवा. मी ठेवलेल्या नाहीत. ज्याला पाहिजे त्याने ओट्यापाशी उभे राहावे.

शेवटचे.

आज साक्षीदार अकरा वाजता आले: केसरीनाथ आणि संघरत्नाच्या वॉर्डात आया असलेल्या सीताबाई. मला वाटले होते सह्या करून ते जातील. संघरत्ना आतून म्हणाली, "जेवल्याशिवाय कोणी जायचं नाही. सही पळून जात नाही." मी उठायला गेलो तर तिने हाताने बस म्हणून सांगितले. तिने चौघांचा स्वयंपाक एकटीने केला. सीताबाईंनी मदत विचारली तर त्यांनाही बाहेर बसवले. वांग्यात सुकट होती, ती तिने पहिल्यांदाच केली.

आम्ही चौघे एकत्र जेवायला बसलो. आमटीत मीठ नव्हते. कमी नव्हे, नव्हतेच. केसरीनाथ माझ्याकडे बघत होता, सीताबाई ताटात बघत होत्या.

मी म्हटले, "संघरत्ना, मीठ राहिलंय."

तिने एक घास खाऊन पाहिला. "हो की," म्हणाली. मग वाढता वाढता, माझ्याकडे न बघता, "डबा ओट्यावर आहे. घ्या उठून. आणि तुम्ही चिमूटभरच घालायचं, डॉक्टरांनी सांगितलंय."

मी उठलो, मीठ आणले, सगळ्यांना वाढले. माझ्या वाटीत तिने घातले. पुन्हा बसलो आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

हा शेवटचा मजकूर मी त्यानंतर लिहिला आहे. वरील सर्व वाचून, समजून, पोटभर जेवून सही करत आहे.

ठिकाण: भिवंडी
दिनांक: १५ डिसेंबर २०२५

(सही) यादव सखाराम रोकडे

वरील सही लिहून ठेवणाराने आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत केली. त्या वेळी ते शुद्धीवर व खुशीत होते. आम्हीही त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत. या कागदाने आम्हाला काही मिळत नाही.

साक्षीदार १. (सही) केसरीनाथ लडकू म्हात्रे, राहणार मानकोली, तालुका भिवंडी

साक्षीदार २. (सही) सीताबाई धर्मा अहिरे, राहणार निजामपुरा, भिवंडी